कॅम्पेनची माहिती खेळाडूंना कशी द्यायची: नव्या जीएमसाठी पायरी-पायरीने

ऑनलाइन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनमध्ये (बैठकांत) पुढे सरकणारा रोल-प्लेइंग खेळ, चालवायला घेतलेला नवा जीएम (गेम मास्टर, गोष्ट आणि जग सांभाळणारा) सुरुवातीचे दिवस मॅप शोधण्यात, टोकनं (मॅपवरच्या पात्रांच्या सोंगट्या) तयार करण्यात आणि फासे नीट पडतात का हे तपासण्यात घालवतो. मग सेशनला सगळे जमतात आणि कुणीतरी विचारतं, "त्या दीपगृहातल्या माणसाचं नाव काय होतं रे?" कुणालाच आठवत नाही. जीएमच्या नोट्समध्ये नाव आहे, पण तो माणूस तस्करांना सामील आहे हेही त्याच पानावर लिहिलंय. मग पान दाखवायचं कसं?

म्हणून पहिल्या सेशनच्या आधीच थोडी मांडणी करून ठेवावी. खाली मी मुख्यतः रोल२० आणि फाउंड्री व्हीटीटी या दोन व्हर्च्युअल टेबलटॉपच्या (व्हीटीटी, म्हणजे असे खेळ ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) आधाराने सांगतोय, कारण नवे जीएम बहुतेकदा यांपैकी एकाकडे वळतात. रोल२० ब्राउझरमध्ये चालतं आणि २०१२ पासून आहे. फाउंड्री २०२० साली आलं. त्यात लायसन्स फक्त जीएमला घ्यावं लागतं, खेळाडू नुसती लिंक उघडून येतात. फँटसी ग्राउंड्स या दोघांपेक्षा जुनं, त्याचाही उल्लेख मधे येईल. नव्या आवृत्तीत बटणं थोडी इकडची तिकडे होतात, पण पद्धत तीच राहते.

उदाहरणासाठी एक छोटं कॅम्पेन धरू. एक बंदरगाव आहे. टोकाला दीपगृह, आणि तिथला रखवालदार ओरिन. ओरिन अमावास्येच्या रात्री तासभर दिवा मुद्दाम विझवतो आणि त्या अंधारात तस्करांच्या होड्या किनाऱ्याला लागतात. खेळाडूंना हे अजून ठाऊक नाही.

१. लिहितानाच वेगळं करा

सॉफ्टवेअर उघडण्याआधीचं काम हे. तुमच्याकडे असलेली माहिती तीन प्रकारची असते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली: बंदराचं नाव, दीपगृह कुठे आहे, रखवालदार कोण. दुसरी, एखाद्याच पात्राला ठाऊक असलेली: समजा एका खेळाडूचं पात्र पूर्वी खलाशी होतं, त्याला माहीत आहे की या किनाऱ्यावर अमावास्येला गलबतं फुटतात. आणि तिसरी, फक्त तुम्हाला ठाऊक असलेली.

हे तिन्ही प्रकार एकाच परिच्छेदात लिहून नंतर चाळत बसू नका. सेशनच्या मधे, चार जण कानाला हेडफोन लावून वाट बघत असताना, कुठलं वाक्य दाखवण्याजोगं आहे हे ठरवणं जमत नाही. प्रत्येक व्यक्ती, जागा आणि वस्तूसाठी वेगळी नोंद करा आणि नोंदीतच दोन भाग ठेवा: वर खेळाडूंसाठी, खाली स्वतःसाठी.

वरचा भाग पात्राच्या नजरेतून लिहा. "ओरिन हा वरवर साधा दिसणारा रखवालदार आहे" या वाक्यात 'वरवर' आलं की संपलं. खेळाडू असले शब्द बरोब्बर हेरतात. त्याऐवजी: "ओरिन. दीपगृहाचा रखवालदार. साठीकडे झुकलेला, उजव्या हाताला दोन बोटं कमी. बोलतो कमी, पण नवीन माणसाला गलबताबद्दल हमखास विचारतो." यातलं सगळं खरं आहे आणि पात्रांना दिसण्या-ऐकण्याजोगं आहे. गलबतांची चौकशी तो का करतो, ते खालच्या भागात.

आणि लांबी? खेळाडूंसाठीचा मजकूर चार-पाच ओळींत संपवा. राज्याचा तीनशे वर्षांचा इतिहास तुम्ही हौसेने लिहिला असेल, पण सेशनआधी तो वाचून येणारा खेळाडू लाखात एक. इतिहास सांगायचाच असेल तर तो एखाद्या पडक्या भिंतीवरच्या दोन ओळींत सांगा.

२. एकच जागा ठरवा

थोडी माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवर, थोडी डिस्कॉर्डवर, थोडी गुगल डॉकमध्ये आणि उरलेली व्हीटीटीच्या जर्नलमध्ये (त्यातल्या नोंदवहीत) असा पसारा झाला की खेळाडू शोधायचं सोडूनच देतात. मुख्य जागा एक ठेवा. सेशन कधी, कोण येतंय, कोण नाही, असल्या गप्पांना चॅट ग्रुप बरा. कॅम्पेनची माहिती तिथे टाकलीत तर दोन दिवसांत शुभेच्छा आणि मीम्सच्या ढिगाखाली जाते.

महिन्यातून एक-दोनदा खेळणारा छोटा गट असेल तर व्हीटीटीतलं जर्नल पुरेसं होतं. मोठं जग असेल, गावं-घराणी-देवदेवता वाढत चालल्या असतील तर कांका किंवा वर्ल्ड अॅन्व्हिलसारखी विकीवजा साधनं सोयीची पडतात. त्यांत नोंद खासगी ठेवता येते, आणि कोणता भाग कुणाला दिसावा हेही ठरवता येतं. मात्र पहिल्याच कॅम्पेनला ती घेऊ नयेत असं माझं मत आहे. त्यात रकाने इतके असतात की ते भरण्यातच जीएमचा वेळ जातो आणि खेळ राहतो बाजूला.

गुगल डॉक वापरणार असाल तर एक पथ्य पाळा. खेळाडूंचा फोल्डर आणि तुमचा फोल्डर पूर्ण वेगळे ठेवा. फोल्डर शेअर केला की त्यात नंतर टाकलेली प्रत्येक फाइलही शेअर होते, हे घाईत लक्षात राहत नाही. शिवाय खेळाडूला फाइल संपादित करायची परवानगी दिलीत तर त्याला जुन्या आवृत्त्याही उघडता येतात. म्हणजे "गुपित मजकूर पुसून मग शेअर केला" याला काही अर्थ उरत नाही. नवी फाइल करा आणि तीच द्या.

३. पहिला हँडआउट बनवा

हँडआउट म्हणजे खेळाडूंना दाखवायची नोंद, पत्र किंवा चित्र. रोल२०मध्ये उजवीकडच्या जर्नल टॅबमध्ये जाऊन 'अॅड' आणि मग 'हँडआउट' निवडा. एडिट उघडलं की मजकुराच्या दोन जागा दिसतील. 'डिस्क्रिप्शन अँड नोट्स' खेळाडूंसाठी, 'जीएम नोट्स' तुमच्यासाठी. पहिल्या पायरीत जे दोन भाग केलेत ते इथे जसेच्या तसे बसतात. 'इन प्लेयर्स जर्नल्स' या रकान्यात कुणाला दिसावं ते निवडायचं. तो रिकामा असेपर्यंत हँडआउट फक्त तुम्हाला दिसतो. त्याच्या जवळच संपादनाच्या परवानगीचा वेगळा रकाना आहे. घाईत तिथे नाव घातलंत तर खेळाडू तुमचा मजकूर बदलू शकेल.

यातली एक गोष्ट नवख्यांना चकवते. हँडआउट जर्नलमध्ये दिला म्हणजे तो खेळाडूच्या स्क्रीनवर आपोआप उघडत नाही. तो यादीत गुपचूप येऊन बसतो. सगळ्यांसमोर उघडायचा असेल तर 'शो टू प्लेयर्स' दाबावं लागतं. तुम्ही "हे पत्र बघा" म्हणता आणि पलीकडे शांतता पसरते, त्याचं कारण बहुधा हेच.

फाउंड्रीत जर्नल एंट्री करा, तिच्यावर राइट-क्लिक करून ओनरशिपची खिडकी उघडा. तिथे चार पातळ्या आहेत: नन, लिमिटेड, ऑब्झर्व्हर, ओनर. वाचायला द्यायचं तर ऑब्झर्व्हर. ओनर दिलंत तर खेळाडू संपादनही करू शकतो. दहाव्या आवृत्तीपासून एका एंट्रीत अनेक पानं ठेवता येतात आणि प्रत्येक पानाची परवानगी वेगळी असू शकते. ओरिनच्या एंट्रीचं पहिलं पान सगळ्यांना, दुसरं खलाशाला, तिसरं कुणालाच नाही, ही मांडणी मला सगळ्यात सुटसुटीत वाटते. एकाच पानात एखादा परिच्छेद लपवायचा असेल तर एडिटरमध्ये 'सीक्रेट' हा प्रकार आहे. तो परिच्छेद फक्त ओनरला दिसतो. म्हणूनच ओनर परवानगी उधळू नका, नाहीतर गुपित परिच्छेद सरळ समोर.

फँटसी ग्राउंड्समध्ये नोंदीची लिंक एखाद्या खेळाडूच्या पात्राच्या चित्रावर ओढून टाकली की ती नोंद त्या एकट्याला जाते. तिथली आणखी एक सोय फार छान आहे. वस्तूला खरं नाव आणि न ओळखलेल्या अवस्थेतलं नाव, अशी दोन नावं देता येतात. खेळाडूच्या यादीत 'गंजलेली अंगठी' दिसते, ओळख पटली की तुम्ही एक बटण दाबता आणि खरं नाव येतं.

४. नावांची तपासणी

या पायरीवर जरा जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक बिंग इथेच फुटतं. मजकूर सगळे जण जपून लिहितात आणि शीर्षकात सगळं सांगून मोकळे होतात. हँडआउटचं नाव 'ओरिनचं बनावट पत्र' असेल तर आतलं अक्षर न् अक्षर व्यर्थ आहे. 'ओरिनचं पत्र' एवढंच ठेवा. त्याहून बरं 'टेबलावर सापडलेलं पत्र', कारण ते ओरिनने लिहिलंय की नाही हे खेळाडूंनी ठरवायचं.

टोकनचं नाव पाहा. फाउंड्रीत पात्राचं नाव वेगळं आणि टोकनचं नाव वेगळं ठेवता येतं. लढाई सुरू झाली की पाळीच्या यादीत टोकनचं नाव झळकतं. अंधारातून आलेल्या बुरखेधाऱ्याच्या टोकनवर 'तस्करांचा म्होरक्या' लिहिलेलं असेल तर रहस्य पहिल्याच पाळीला संपलं. टोकनचं नाव 'बुरखेधारी' ठेवा. टोकनवर नाव कधी दिसावं याचाही पर्याय टोकनच्या सेटिंगमध्ये असतो.

सीनचं, म्हणजे फाउंड्रीतल्या एकेका मॅपचं, नावही गळतं. फाउंड्रीत चालू सीनचं नाव वरच्या पट्टीत खेळाडूंना दिसतं. तुमच्या सोयीसाठी सीनला 'दीपगृह - सापळा' म्हटलं असेल, तर त्याच सेटिंगमधल्या 'नेव्हिगेशन नेम'मध्ये खेळाडूंसाठी नुसतं 'दीपगृह' लिहा. फोल्डरचंही तसंच. ज्या फोल्डरमध्ये खेळाडूला दिसणारी एखादी नोंद आहे, त्या फोल्डरचं नाव त्याला वाचता येतं. 'गद्दार' नावाच्या फोल्डरमध्ये ओरिन ठेवून त्याची साधी ओळख शेअर करणं म्हणजे दवंडी पिटणंच.

चित्रांच्या फाइलींची नावंही आधीच बदलून घ्या. ब्राउझरमध्ये चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडलं की फाइलचं नाव दिसू शकतं, आणि प्रत्येक गटात असा एक उद्योगी खेळाडू असतोच. शेवटी मजकुरातल्या लिंका. खेळाडूंच्या भागात तुम्ही एखाद्या गुप्त नोंदीची लिंक दिली असेल तर ती त्यांना उघडणार नाही कदाचित, पण लिंकवरचे शब्द मजकुरात उरू शकतात.

५. खेळाडू होऊन पाहा

जीएमच्या खात्यातून सगळंच दिसतं, त्यामुळे तिथून काही लपलंय का हे कळत नाही. रोल२०मध्ये सेटिंग्जच्या टॅबमध्ये खेळाडू म्हणून पुन्हा आत यायचं बटण आहे. ते दाबा, जर्नल चाळा, मॅप पाहा, आणि मग जीएम म्हणून परत या. फाउंड्रीत 'चाचणी' नावाचा एक जादा युजर बनवा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा प्रायव्हेट विंडोत त्याच्या नावाने आत शिरा. त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये करायला गेलात तर लॉगिनची गल्लत होते. कांकामध्येही एखाद्या सदस्याच्या नजरेतून कॅम्पेन पाहायची सोय आहे.

सेशनच्या आदल्या दिवशी हे करा. दहा मिनिटांचं काम आहे. सेशन सुरू व्हायला पाच मिनिटं असताना केलंत तर सापडलेली चूक दुरुस्त करायला वेळच उरणार नाही.

६. मॅप

मॅपचा क्रम चुकवू नका: आधी झाकायचं, मग दाखवायचं. रोल२०मध्ये खेळाडू कोणत्या पानावर आहेत हे वरच्या खुणेवरून ठरतं. ती खूण नव्या पानावर नेली की सगळे तिथे पोहोचतात. त्याआधी पानावर फॉग (मॅप झाकणारं धुकं) चालू केलेला असावा. उलटं केलं तर दोन सेकंद का होईना, सगळा आराखडा समोर येतो, आणि गुप्त भुयार नेमकं कुणाच्या तरी नजरेत भरतं. फॉग घातल्यावर खोली-खोली उघडत जायची.

फाउंड्रीत पद्धत वेगळी आहे. तिथे टोकनला काय दिसतं त्यावर धुकं हटतं आणि नजर अडते ती तुम्ही काढलेल्या भिंतींना. भिंती काढायला कंटाळा केलात तर टोकनची नजर जाईल तिथवरच्या सगळ्या खोल्या उघड्या पडतात. वापरणार तेवढ्याच भागाच्या भिंती काढा, सगळा किल्ला एका बैठकीत आखायची गरज नाही.

मॅपवर जर्नलची खूण ठेवणं हा माहिती देण्याचा फार चांगला मार्ग आहे. फाउंड्रीत जर्नल एंट्री ओढून मॅपवर टाकली की पिन तयार होते. ज्याला त्या एंट्रीची परवानगी नाही त्याला साधारणपणे ती पिन दिसत नाही. बंदराच्या मॅपवर दहा पिना आधीच लावून ठेवायच्या आणि खेळाडू जसजसे एकेक जागा पाहतील तसतशी परवानगी द्यायची. काही सेशननंतर तो मॅपच त्यांची वही होऊन बसतो. रोल२०मध्ये लपवायच्या वस्तू जीएम लेयरवर ठेवा. त्या तुम्हाला फिक्या दिसतात, त्यांना दिसत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. स्क्रीन शेअर करत असाल तर फक्त ती एक खिडकी शेअर करा. अख्खी स्क्रीन शेअर केली की टॅबची नावंही दिसतात, आणि आलेले मेसेजही.

७. सेशनमध्ये दाखवायची वेळ

खेळाडूंनी काहीतरी केलं की माहिती द्या. त्यांनी टेबलाचा खण उघडला, पत्र दिसलं, की लगेच हँडआउट. सेशनच्या सुरुवातीला सहा हँडआउट एकदम दिलेत तर ते वाचत बसतात आणि कुणी बोलत नाही. वाचायला दिल्यावर मात्र तुम्ही गप्प बसा. आपण लिहिलेलं पत्र मोठ्याने वाचायचा मोह फार होतो. वाचायचं तर एखाद्या खेळाडूलाच वाचायला सांगा. पत्र त्याच्या पात्राच्या हातात आहे.

चित्र असेल तर आधी चित्र, थोड्या वेळाने मजकूर. दोन्ही एकदम आलं की डोळे मजकुराकडे जातात आणि ओरिनच्या हाताला दोन बोटं कमी आहेत हे चित्रात कुणीच पाहत नाही.

एकाच खेळाडूला काही सांगायचं असेल तर चॅटमध्ये कुजबूज करता येते: रोल२० आणि फाउंड्री दोन्हीकडे तिरक्या रेघेनंतर इंग्रजी डब्ल्यू, मग नाव, मग मजकूर. नाव चुकलं तर वाक्य भलत्याकडे जाऊ शकतं, रेघ विसरली तर सगळ्यांपुढे, तेव्हा पाठवण्याआधी एकदा बघा. माहिती लांबलचक असेल तर कुजबूज नको. त्या एकट्याच्या नावे हँडआउट द्या, म्हणजे ती चॅटमध्ये वाहून जाणार नाही. आपल्या खलाशाला अमावास्येची गोष्ट अशीच द्यायची. पुढे ती इतरांना सांगायची की नाही, कधी सांगायची, किती मीठ-मसाला लावून सांगायची, हे त्याच्यावर सोडा. टेबलावरची उत्तम संभाषणं अशातूनच होतात. मात्र प्रत्येक सेशनला त्याच एकाला गुपितं देऊ नका. बाकीचे लवकरच कंटाळतात.

कथा ज्या माहितीवर अडून राहते, ती एकाच हँडआउटमध्ये कधीही ठेवू नका. खेळाडू तो खण उघडतीलच याची खात्री नसते. दिवा विझतो ही गोष्ट पत्रातून कळावी, जखमी कोळ्याच्या बोलण्यातून कळावी, आणि दीपगृहातल्या तेलाच्या हिशेबवहीतूनही कळावी. तीनपैकी एक तरी त्यांच्या हाती लागतो.

८. सेशन झाल्यावर

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाच-सहा ओळींचा वृत्तान्त जर्नलमध्ये टाका. कुठे गेलो, कोण भेटलं, काय मिळालं, काय अर्धवट राहिलं. शेवटचा भाग सगळ्यात कामाचा, कारण पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच होते. जमल्यास हे काम खेळाडूंपैकी कुणाला तरी द्या आणि त्या एका एंट्रीची संपादन परवानगी त्याला द्या. खेळाडूने लिहिलेल्या वृत्तान्तात चुकीचे तर्क येतात, ते दुरुस्त करू नका. "ओरिन बिचारा भला माणूस दिसतो" असं कुणी लिहून ठेवलं तर तुम्हाला फुकटात कळलं की गुपित अजून शाबूत आहे.

जुने हँडआउट फेकू नका, पण यादी आवरा. चालू प्रकरण वर, संपलेलं वेगळ्या फोल्डरमध्ये. जर्नलमध्ये पन्नास नोंदी एका खाली एक लागल्या की खेळाडू परत तुम्हालाच विचारायला लागतात, त्या दीपगृहातल्या माणसाचं नाव काय होतं म्हणून.

९. मधेच नवा खेळाडू आला तर

रोल२०मध्ये परवानगी देताना एकेका खेळाडूचं नाव निवडलं असेल तर नव्याला त्यातलं काहीच दिसत नाही. 'ऑल प्लेयर्स' निवडलं असेल तर आल्या आल्या सगळं दिसतं. फाउंड्रीतही सर्व खेळाडूंसाठीची मूळ पातळी वेगळी असते आणि नावागणिक दिलेली वेगळी. म्हणून जी माहिती गावातल्या कुणालाही ठाऊक असते ती पहिल्यापासून सगळ्यांच्या नावे ठेवा, आणि एकेकाला दिलेल्या नोंदींची छोटी यादी स्वतःजवळ ठेवा. नव्या खेळाडूला आधीचे सगळे वृत्तान्त वाचायला लावू नका. त्याचं पात्र गावात कुठून आलं, त्याने वाटेत काय ऐकलं, एवढ्या चार ओळींचा एक हँडआउट त्याच्यासाठी नव्याने लिहा, आणि बाकीचं जुन्या मंडळींकडून विचारून घ्यायला सांगा.